नव्वद फोटोंचं पाणी

इस्लामपुरात नाथाजी फोटोवाल्याइतका पाणी उधळणारा माणूस दुसरा नव्हता, आणि त्यावरून नवऱ्याला रंगूबाईइतकं बोलणारी बायकोही नव्हती. घरामागच्या आडाचं पाणी तिनं शेंदायचं आणि यानं ते फोटो धुण्यात घालवायचं. एकेक फोटो तास-तास धुवायचा, बारा वेळा पाणी बदलायचा. "मेलेल्या माणसाला बी एवढं धूत न्हाईत," असं रंगूबाई म्हणायची आणि मी खुर्चीत बसून हसायचो.

मी तिथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. शाळा सुटली की नाथाजीच्या दुकानात बसायचो. फोटोवरचे पांढरे ठिपके बुजवायचे, गालावरचे देवीचे व्रण झाकायचे, नवरीच्या शालूला रंग द्यायचा, ही कामं माझ्याकडे. नाथाजीला ती मनातून आवडत नसत. उजेडानं काढलेल्या तोंडात माणसानं ब्रश घालू नये, असं त्याचं मत. पण गिऱ्हाइकाला देवीचे व्रण नको असत, म्हणून तो मला बोलवायचा आणि मी काम करत असताना मुद्दाम पाठ फिरवून बसायचा.

तो नऊ वर्षं सांगलीला एका म्हाताऱ्या फोटोग्राफराच्या हाताखाली राबला होता. तिथून त्यानं एकच वेड आणलं होतं. फोटो काढणं हे अर्ध्या मिनिटाचं काम, खरं काम तो टिकवण्याचं. मला त्यानं शंभरदा समजावलं असेल. कागदावर चित्र उमटलं की ते पक्कं करायला हायपो नावाच्या औषधात बुडवतात. पण तेच औषध कागदात राहून गेलं तर दोन-चार वर्षांत चित्राला खातं. आधी कडा पिवळ्या पडतात, मग काळं होतं ते तपकिरी होतं, शेवटी कोरा कागद उरतो. म्हणून धुवायचं. आणि धुऊन झालं की पुरेसं धुतलं का ते बघायचं. त्यासाठी त्याच्या फळीवर एक जांभळी बाटली असायची. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात तेच औषध. फोटोवरून निथळणारं पाणी वाटीत धरायचं आणि त्यात त्या बाटलीतला थेंब टाकायचा. जांभळा रंग टिकला तर कागद स्वच्छ. रंग उडाला तर हायपो आत आहे, पुन्हा धुवा.

चिकटवायची खळसुद्धा तो स्वतः शिजवायचा. गव्हाचा चीक काढून, मलमलीतून दोनदा गाळून. सकाळची खळ दुपारनंतर वापरायची नाही, उरलेली कावळ्यांना. वहीबांधणीवाले खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तसं कुणी सुचवलं तर हा अंगावर धावून जायचा, कारण मोरचुदानं फोटोवर डाग पडतात. काच फोटोला टेकू द्यायची नाही, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालायची. मागून तपकिरी कागद लावून वारा बंद करायचा. फोटोला कुंकू लावणाऱ्या बायकांना तो सासूसारखा बोलायचा. आणि दारावर पाटी: येथे काढलेला फोटो शंभर वर्षे टिकतो. मी एकदा विचारलं की नव्याण्णवाव्या वर्षी कुणी तक्रार घेऊन आला तर तू कुठं भेटणार. तो हसला नाही. त्या पाटीचा त्याला गर्व होता, आणि माणूस मित्र असला तरी गर्वाला गर्वच म्हणावं लागतं.

एक्केचाळीस सालच्या मे महिन्यात भरतीवाले साहेब गावाबाहेर तंबू ठोकून बसले. आसपासच्या गावांतली पोरं लोटली. काही उसाच्या मळ्यातली, घरात बापाची नाहीतर चुलत्याची पलटण सांगणारी. काही पूर्वेकडची, दुष्काळी मुलखातली, मेंढरामागं वाढलेली. ज्यांची छाती मापात बसली त्यांना चार दिवसांनी ताकारी स्टेशनवर गाडीत बसायचं होतं, आणि प्रत्येकाच्या आईला पोरगा जायच्या आत त्याचा फोटो हवा होता. चार दिवसांत नव्वद फोटो. त्या साली आड तळाला गेला होता. दोन घागरी भरायला रंगूबाईला अर्धा तास लागायचा आणि त्यातही गाळ यायचा. ओढे कोरडे होते, कृष्णा कोसावर कोस लांब.

मी त्या चारही दिवशी तिथं पुठ्ठे कापत होतो, म्हणून काय झालं ते मला पक्कं माहीत आहे. नव्वद फोटो एकाच टपात, दोन पाण्यांत निघाले. तिसरं पाणी भरायचं म्हणून एक घागर बाजूला ठेवली होती. शेवटच्या दिवशी ओट्यावर तीसेक बायका उन्हात बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं प्यायला मागितलं. रंगूबाईनं तांब्या दिला, मग दुसरीला दिला, मग सगळ्यांनाच द्यावा लागला. घागर संपली. नाथाजी बघत राहिला आणि म्हणाला, "माणसाला पुरंना, कागदाला कुठलं?"

हे त्याचं बरोबर होतं. आजही मी बरोबरच म्हणेन. चूक त्याच्या पुढची. फळीवर जांभळी बाटली होती, त्यानं तिच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. थेंब टाकला असता तर रंग उडाला असता, आणि मग त्या बायकांना सांगावं लागलं असतं की बायांनो, हे फोटो कच्चे आहेत, पाऊस पडल्यावर परत आणा, पुन्हा धुऊन देतो. एवढंच सांगायचं होतं. पण ते शंभर वर्षांच्या पाटीखाली उभं राहून सांगायचं होतं. त्यानं फोटो पुसले, चिकटवले आणि वाटून टाकले.

त्या नव्वदांत अर्जुना होता. आटपाडीकडच्या धनगराचा एकुलता एक पोरगा, बाप लहानपणीच गेलेला. ही माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायची, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायची आणि मृगाच्या तोंडाला परत फिरायची. अर्जुनाच्या फोटोत त्याच्या खांद्यावर घोंगडं होतं आणि पायात नव्या वहाणा. आई हरणाबाई आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली बायको बया, दोघी दारात उभ्या राहून फोटो निघताना बघत होत्या. नाथाजीनं सवयीनं विचारलं, चौकट करून देऊ का. हरणाबाई म्हणाली, "आमाला भितच न्हाई दादा, टांगू कुठं?" तिनं तो फोटो पोराच्या जुन्या मुंडाशात गुंडाळला आणि घोड्यावरच्या बोचक्यात ठेवला.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला सरकारी कागद आला. सिंगापूर पडलं, त्यात अर्जुना बेपत्ता. मेला असं नाही, आहे असंही नाही.

त्याच पावसाळ्यात नाथाजीनं आणखी एक गोष्ट केली, तीही सांगायला हवी. लढाईमुळं काच मिळेना, आणि ज्या घरांत मेल्याची तार आली होती त्यांना चौकटीत घातलेला फोटो हवा होता. तेव्हा फोटो काढायचे ते काचेवर, त्या काचेवरून कागदावर छापायचे. जुन्या काचा नाथाजीकडे पेट्या भरून होत्या. त्यानं कढत सोड्याच्या पाण्यात त्या बुडवल्या, वरचं चित्र खरवडून काढलं आणि स्वच्छ झालेल्या काचा मेलेल्यांच्या चौकटीत बसवल्या. त्यात मे महिन्यातल्या नव्वद काचाही गेल्या. जिवंत पोरांच्या काचा पुसून आम्ही मेलेल्यांवर घातल्या, आणि त्या वेळी आम्हाला ती काटकसर वाटली.

मार्गशीर्षात हरणाबाई आली. मुंडासं सोडून तिनं फोटो काउंटरवर ठेवला. कडा पिवळ्या झाल्या होत्या, वहाणा दिसत नव्हत्या. नाथाजीनं एका नजरेत ओळखलं, आणि त्याच्याकडं बघून मीही ओळखलं. तिनं काय झालं म्हणून विचारलं. दुकानात दोन माणसं बसलेली. नाथाजी म्हणाला, दमट हवा लागली असेल. नवा पुठ्ठा लावून त्यानं फोटो परत दिला. धुवायला हवा होता, पण का धुतोय ते सांगावं लागलं असतं. ती गेल्यावर तो काचांच्या पेट्या उघडून बसला. अर्जुनाची काच नव्हती हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं सगळ्या पेट्या उपसल्या.

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात ती पुन्हा आली. या वेळी सून बरोबर होती. फोटोत कमरेखालचं काही उरलं नव्हतं. हात गेले होते, घोंगड्याचा एक तपकिरी पट्टा राहिला होता, आणि वर तोंड, तेही ताकात बघावं तसं. हरणाबाई बोलायला लागली आणि आम्हाला कळलं की ती काय धरून बसली आहे. तिच्या मते फोटो उतरत नव्हता, पोरगा उतरत होता. तिकडं आधी त्याचे पाय थकले, मग हात गेले. बयाचे भाऊ दोनदा येऊन गेले होते. बहिणीला पाट लावून द्यायचा, म्हणजे दुसऱ्या नवऱ्याच्या घरी द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. बेपत्ता माणसाच्या नावानं किती वर्षं बसवायची, हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. शेवटी पाहुण्यारावळ्यांसमोर तोड निघाली. फोटोत तोंड आहे तोवर सून हरणाबाईची.

"ह्येचं तोंड तेवडं धरा दादा," ती म्हणाली. "बाकी गेलं तर जाऊ द्या. तोंड धरा."

बया मागं उभी होती. ती फोटोकडं बघत राहिली.

आता तरी नाथाजीनं सांगायला हवं होतं. बाई, तुझा पोरगा कसा आहे ते मला ठाऊक नाही, पण हे जे जातंय ते माझ्या पाण्यापायी जातंय. तो नुसता म्हणाला की आठ दिवस फोटो इथं ठेवा. तिला ते नको होतं, पोरगा एकदा हातातून सोडून बघितला होता. शेवटी ठेवून गेली, कारण मेंढरांचा तळ गावाजवळच्याच रानात आठ दिवस राहणार होता.

त्या दिवशी नाथाजीनं दार लोटून फोटो पाण्यात सोडला. निथळतं पाणी वाटीत धरलं, थेंब टाकला. रंग पडायच्या आत उडाला. अडीच वर्षांनंतरही. त्यानं मला वाटी दाखवली. मग चौदा पाण्यांनी धुतला. जे उरलं होतं ते त्यामुळं थांबलं असतं, पण गेलेलं परत येणार नव्हतं.

एक उपाय होता. साध्या जुन्या पद्धतीच्या काचेला पिवळा रंग काळा दिसतो. आपल्या डोळ्याला फोटोत जे जेमतेम पिवळट दिसतं, ते अशा काचेवर गडद उमटतं. गेलेलं तोंड तसं परत मिळवता येतं, हे त्याला सांगलीच्या म्हाताऱ्यानं करून दाखवलं होतं. पण लढाईत औषध लावलेली नवी काच कुठून आणायची? नाथाजी दुसऱ्या दिवशी सांगलीला गेला. म्हाताऱ्याचं दुकान बंद होऊन तिथं कापडवाला बसला होता. तिथून तो साताऱ्याला गेला, तिथंही सगळ्यांनी हात वर केले. पुन्हा सांगली. कुणीतरी सांगितलं की विश्रामबागेत एका निवृत्त साहेबांच्या बंगल्यात कॅमेरा आहे. हा सकाळपासून त्यांच्या पायरीवर बसला. दुपारी साहेबांनी वैतागून एक काच आणून दिली, मुदत कधीच संपलेली. ती छातीशी धरून नाथाजी घरी आला तेव्हा त्याला ताप होता.

त्यानं फोटो भिंतीला लावला, कॅमेरा रोखला. काच धुऊन बाहेर काढली तर सगळी राखाडी. इकडून तिकडं एक रंग. काच जुनी होऊन मेलेली होती. दुसरी नव्हती.

आणि आता माझा भाग. तो काही मोठ्या अभिमानानं सांगण्यासारखा नाही. मी म्हणालो, मी काढतो. डोळे काढतो, मिशी काढतो, खुणा आहेत त्यांवरूनच जातो. नाथाजी नको म्हणाला. अस्सल फोटोवर ब्रश घालायचा नाही, गेला तर गेला पण आहे तो खरा आहे. मी त्याला सुनावलं की तुझं खरं घेऊन त्या पोरीला पाट लागेल, मग बस धूत. त्यानं ब्रश माझ्यापुढं सरकवला. मग पाठ फिरवून म्हणाला, "करा."

मी सगळं कसब ओतलं. दोन दिवस भिंगाखाली बसलो. डोळ्यांत चमक आणली, मिशीला पीळ दिला, कपाळ नितळ केलं. झाल्यावर मला वाटलं, वा. अतिशहाण्याला असंच वाटतं.

बाजाराच्या दिवशी दोघी आल्या. दुकान भरलेलं. नाथाजीनं फोटो पुढं ठेवला. हरणाबाईनं तो उचलून उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग सुनेपुढं केला. बयानं बघितलं आणि पदर तोंडावर घेतला.

"ह्यो कोन?" हरणाबाईनं विचारलं. नाथाजीनं बोलायला तोंड उघडलं, भरल्या दुकानाकडं बघितलं आणि मिटलं. "ह्यो माजा न्हाई. माजा गेला."

ती रडली नाही. रडली असती तर आम्हाला काहीतरी सुचलं असतं. फोटो तिनं काउंटरवर ठेवला, मुंडासं खांद्यावर टाकलं आणि सुनेला घेऊन पायऱ्या उतरली. नाथाजी काउंटरमागून हलला नाही. मीही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो त्या रानाकडं धावला. तळ उठला होता, लेंड्या आणि चुलीची राख तेवढी राहिली होती. तो तासगावच्या वाटेनं दोन दिवस विचारत गेला. मेंढरांचे दहा कळप भेटले, हा एक भेटला नाही. वरातीमागून घोडं. परत आला तेव्हा त्यानं पहिलं काम केलं ते पाटी काढण्याचं. रंगूबाईनं ती आडावर झाकण म्हणून टाकली.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात हरणाबाई आली नाही. तिच्या कळपातला एक म्हातारा बाजारात भेटला, त्यानं सांगितलं की बयाला जतकडं पाट लावून दिला. सासूनंच पुढं होऊन दिला. तोंड गेलं म्हणाली, आता पोरीला कशापायी जाळू.

त्यानंतर नाथाजीचं दुकानात लक्ष लागेना. नव्वद नावांची यादी घेऊन तो गावोगाव निघाला. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जायचो. दारात उभं राहून तो एकच वाक्य बोलायचा. तुमच्या पोराचा फोटो मी नीट धुतला नव्हता, चूक माझी हाय, मला पुन्हा धुवायला द्या. पहिल्या घरी त्याच्या तोंडून हे निघायला पाव तास लागला होता. लोकांना वाटायचं, याला पैसे हवेत, नाहीतर हा सरकारचा माणूस आहे. बेचाळीसनंतरच्या धरपकडीच्या त्या वर्षांत आमच्याकडं दारात आलेल्या अनोळखी माणसाचा कुणाला भरवसा नव्हता. सयाजी नावाच्या पोराच्या बापानं कुत्रं सोडलं. बनुबाई नावाच्या म्हातारीनं तुपाच्या डब्यातून फोटो काढून दिला, त्यावर पोराच्या टोपीखेरीज काही नव्हतं, आणि तिनं विचारलं की आता तोंड येईल का. नाही, असं तिला सांगावं लागलं. ते त्यानं सांगितलं. मी लांब जाऊन उभा राहिलो, मला ऐकवेना. वर्षभरात चाळीस-बेचाळीस फोटो हाती लागले. बहे गावाजवळ कृष्णेच्या वाहत्या पाण्यात बसून त्यानं ते धुतले आणि जांभळ्या बाटलीनं तपासून परत केले. निम्म्यांत धुण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी धुतले.

शेहेचाळीसच्या पौषात एक दिवस दुकानात एक माणूस आला. नुसती हाडं, केस मधूनमधून पांढरे, पायात पलटणीचे बूट. नाथाजीनं बसा म्हटलं. तो उभाच राहिला. म्हणाला, मी अर्जुना.

साडेतीन वर्षं तो जपान्यांच्या कैदेत होता. सुटून घरी आला तेव्हा घरात आई होती आणि बायको नव्हती. नाथाजीनं कपाटातून फोटो काढून त्याच्यासमोर ठेवला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. पाणी, बाटली, काच, माझा ब्रश. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. अर्जुनानं ऐकून घेतलं. मी काढलेल्या तोंडाकडं त्यानं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या हाताची बोटं मला लपवावीशी वाटली.

मला वाटलं आता हा अंगावर येईल, आणि यावं, असंही वाटलं. तो म्हणाला, "बया तिकडं सुखात हाय. एक लेकरू बी हाय तिला. मी जायाचा न्हाई तिकडं. पर आई म्हणती, माजंच चुकलं, मीच तुजं घर मोडलं. दिसातनं धा येळा म्हणती. माज्याकडं तोंड करून बसत न्हाई ओ ती. मी सांगून दमलो. आवं आबा, तुमी येऊन तिला सांगा, चूक तुमची हाय म्हून."

नाथाजीनं कुलूप लावलं आणि आम्ही निघालो. ऊस तुटलेल्या एका रानात त्यांचा तळ होता. हरणाबाई पालापुढं आमच्याकडं पाठ करून लोकर कातत बसली होती. दोन-अडीच वर्षांत ती वीस वर्षांनी म्हातारी झाली होती. नाथाजी तिच्या समोर जाऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली आणि बोलला. गेल्या वर्षभरात त्याला बोलायची सवय झाली होती, कुठं अडखळला नाही. फोटो पोरामुळं उतरला नव्हता, माझ्यामुळं उतरला, तुम्ही काही चुकला नाही, असं तो दोनदा म्हणाला. हरणाबाईचा हात थांबला होता. अर्जुना तिच्या तोंडाकडं बघत होता. मला वाटतं, तिचं ओझं आता उतरेल अशी त्याला खरंच आशा होती.

"मग त्या दिशी का न्हाई सांगितलंसा?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी बोलाय तोंड उगडलं हुतंसा. मी बगितलं हुतं. म्हून खाली पायरीवर थांबलेबी, पोरीला धरून. म्हटलं, दादा कायतरी सांगत्याल. लय येळ थांबले."

नाथाजी टोपीकडं बघत होता.

"गिऱ्हाइकं हुती," तो म्हणाला.

हरणाबाईनं मान हलवली, कळल्यासारखी. मग चाती उचलली आणि पुन्हा लोकर कातायला लागली. अर्जुना उठून मेंढरांकडं गेला. आम्ही दोघं तसेच उभे होतो. मला काही विचारायचं तिच्या मनातही आलं नाही, आणि त्या दिवशी दुकानात नाथाजीच्या शेजारी मीही होतो.